टोळीतला चौथा

मानववंशशास्त्र हा आपला विषय आहे असे कोणी सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. दूर समुद्रात एखादे बेट, त्यावर झावळ्यांनी शाकारलेली घरे, अंगाला रंग फासलेली माणसे आणि त्यांच्या घोळक्यात वही-पेन्सिल सावरीत बसलेला एक गोरा साहेब! हे चित्र अगदीच खोटे आहे असे नाही. ब्रॉनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की हा पोलंडचा पंडित पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला, तिथल्या लोकांची भाषा शिकला, आणि १९२२ साली त्याचा जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यातून आमच्या शास्त्राने एक गोष्ट कायमची गाठीला बांधली. माणसे काय करतात हे समजून घ्यायचे असेल तर त्यांच्यात जाऊन राहावे. ती करतात तो सगळा वेडेपणा आहे असे घरूनच ठरवून जाऊ नये.

आता अशी अस्पर्श बेटे उरलेली नाहीत. तेव्हा ह्या मंडळींनी नवी बेटे शोधली, आणि ती सापडली संगणकाच्या काचेआड. टॉम बोएलस्टॉर्फ हे अमेरिकन प्राध्यापक आधी इंडोनेशियात काम करीत. तेच गृहस्थ पुढे २००४ ते २००७ अशी वर्षे ‘सेकंड लाइफ’ नावाच्या संगणकातल्या वसाहतीत एक कृत्रिम देह धारण करून वावरले, तिथे घर केले, शेजाऱ्यांशी गप्पा मारल्या, आणि २००८ मध्ये त्यांनी त्यावर रीतसर ग्रंथ लिहिला. बॉनी नार्डी ह्या विदुषीने तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ह्या खेळात पुजारिणीचा अवतार घेतला आणि राक्षस मारता मारता टिपणे काढली! तिचे पुस्तक २०१० चे. विद्यापीठातले काही ज्येष्ठ लोक तेव्हा गालातल्या गालात हसले असतील. पण कोट्यवधी माणसे रोज जिथे तासन् तास राहतात ती जागा पाहायची नाही, तर मग पाहायचे तरी काय?

मी मात्र इतकी लांब गेले नाही. मी गेले बिद्रीला.

बिद्री हे कागल तालुक्यातले, कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. बाहेरच्या माणसाला ते माहीत असते दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. गाळपाचा हंगाम सुरू झाला की ह्या रस्त्याचे रूपच पालटते. उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग लागते, हवेत मळीचा आंबूस गोड वास भरून राहतो, आणि वजनकाट्यावर पाळी येईपर्यंत गाडीवानांना काही म्हणता काही काम नसते. पूर्वी अशा वेळी घोंगडीवर पत्त्यांचा डाव पडे. आता ट्रॉलीच्या सावलीत चार पोरे चार दिशांना तोंडे करून बसतात, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आडवा धरलेला असतो, आणि मधूनच एकजण ओरडतो, “उचल की मला! मरतोय न्हवं का!”

कोणी कोणाला उचलीत नाही. जो तो जागच्या जागी बसलेला असतो. नवख्या माणसाला वाटावे, ह्या पोरांना काही झाले तर नाही?

झालेले काही नसते. तो जो ‘मरतो’ आहे तो मोबाइलमधल्या एका ओसाड बेटावर (पाहा, बेट आलेच!) गुडघ्यांवर रांगत असतो. हा खेळ तरुण वाचकांना सांगायला नको, पण त्यांच्या आईवडिलांसाठी चार शब्द सांगते. ब्रेंडन ग्रीन ह्या आयरिश माणसाच्या कल्पनेतून आणि एका कोरियन कंपनीच्या कारखान्यातून निघालेला ‘पबजी’ २०१८ मध्ये मोबाइलवर आला. विमानातून शंभर माणसे बेटावर उड्या टाकतात. अंगावरच्या कपड्यांखेरीज जवळ काही नसते. पडक्या घरांतून बंदुका, मलमपट्ट्या, शिरस्त्राणे गोळा करायची आणि लढायचे. बेटाभोवती एक वर्तुळ असते, ते आवळत आवळत येते. त्याच्या बाहेर राहील तो मरतो. अर्ध्या तासाच्या आसपास सगळा निकाल लागतो. जो शेवटपर्यंत उरला तो जिंकला. पण बिद्रीत मी पाहिले ते असे, की एकटा खेळणारा विरळा. खेळायचे ते चौघांनी मिळून. इंग्रजीत त्याला स्क्वॉड म्हणतात. पोरे म्हणतात, ‘आमची टोळी’.

टोळी हा शब्द ह्या मुलखात काही नवा नाही. ऊस तोडायला येते तीही टोळीच. तिचा मुकादम असतो, कोण तोडणार, कोण मोळ्या बांधणार, कोण ट्रॉली भरणार हे ठरलेले असते. मोबाइलमधल्या टोळीतही तसेच असते. एकजण पुढे घुसतो, एकजण लांबून नेम धरतो, एकजण सगळ्यांचे सामान आणि औषधपाणी सांभाळतो, आणि एकजण हुकूम सोडतो. हा हुकूम सोडणारा वयाने किंवा घराण्याने मोठा असेलच असे नाही. बापाचा दहा एकर ऊस असलेला पोरगा मुकाट्याने एका ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या मुलाचे ऐकताना मी पाहिला आहे. कारण नकाशा त्याला पाठ होता. खेळ संपल्यावर दोघांच्या वाटा अर्थातच वेगळ्या झाल्या.

आता घरोघरचा तो प्रसिद्ध तंटा घेऊ. आई हाक मारते, “जेवायला ये.” चिरंजीव म्हणतात, “आलो, शेवटचा झोन हाय.” पंधरा मिनिटे जातात. आमटी थंड होते, आई गरम होते! पुण्या-मुंबईच्या घरात भाषा जरा निराळी असेल, प्रसंग हाच. आईला वाटते, पोरगा उद्धट झाला, एका खेळण्यापुढे त्याला आईची किंमत नाही. पण तिला एक गोष्ट कोणी सांगितलेली नसते. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. कॅरमचा डाव तसाच ठेवून जेवून येता येते, बुद्धिबळाचा पट झाकून ठेवता येतो. इथे तो उठला की त्याचे बाहुले बेटावर उघडे उभे राहते आणि पलीकडच्या तिघांची फळी फुटते. एकदा-दोनदा असे करणाऱ्याला टोळीत पुन्हा कोणी बोलवीत नाही. म्हणजे त्या पंधरा मिनिटांत त्याच्यापुढे निवड असते ती आई की मोबाइल अशी नसते, आई की तीन मित्र अशी असते. बिद्रीतल्या एका शहाण्या माउलीने ह्यावर तोड काढली होती. ती जेवायला हाक मारीतच नसे. विचारी, “डाव कधी संपणार?” आणि त्याप्रमाणे भाकरी तव्यावर टाकी. पुढचा डाव मात्र जेवणाआधी सुरू करायचा नाही, हा तिचा कायदा. तो मोडला गेल्याचे मी तरी पाहिले नाही.

आणि ती ‘उचल मला’ची गोष्ट? गोळी लागली की टोळीतला गडी एकदम मरत नाही. तो रांगू लागतो. सोबत्याने त्याच्याजवळ जाऊन सुमारे दहा सेकंद बसून राहिले तर तो पुन्हा उभा राहतो. ती दहा सेकंदे बसणाऱ्याच्या जिवावरची असतात. त्याला हलता येत नाही, बंदूक चालवता येत नाही. त्यामुळे कोण कोणाला उचलायला गेला आणि कोण भिंतीआड दडून राहिला, ह्याची चर्चा दुसऱ्या दिवशी पाराजवळ होते, आणि तिथे माणसाची पत ठरते. नेमबाज म्हणून नाव असलेल्या एका तरुणाबद्दल मी सहज विचारले, तेव्हा उत्तर आले, “मारतोय भारी, पण उचलत न्हाई.” एवढ्यात त्याचा निकाल लागला होता.

कोल्हापूरकरांना हे ऐकून आपल्या तालमींची आठवण झाली नाही तरच नवल. शाहू महाराजांनी बांधवलेले खासबागचे मैदान १९१२ मध्ये पुरे झाले. पण मैदानात उतरणारा गडी एकटा नसे, त्याच्यामागे अख्खी तालीम असे. पुढे ह्याच तालमींनी फुटबॉल उचलला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे कुस्तीच्या तालमींची की फुटबॉलच्या संघांची, हे परक्याला कळू नये इतकी ती एकजीव झाली आहेत. आणि शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठाच्या पेठा एकमेकींपुढे उभ्या ठाकतात. इथल्या तरुणाला आपण कोण हे कळते ते आपण कोणाच्या बाजूने आहोत त्यावरून. मोबाइलवरच्या टोळ्या त्याच वळणावर गेल्या आहेत. त्यांना नावे असतात, निशाण्या असतात, जुनी वैरे असतात. नावाच्या आधी टोळीचे अक्षर लावल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही. एखादा गडी फुटून दुसऱ्या टोळीत गेला तर जे बोलले जाते ते ह्या अंकात छापण्याजोगे नाही.

ह्या ठिकाणी मला इरावतीबाई कर्व्यांची आठवण होते. डेक्कन कॉलेजातल्या ह्या मानववंशशास्त्रज्ञ बाई वारकऱ्यांच्या दिंडीबरोबर पायी पंढरपूरला गेल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला; १९६२ मध्ये तो इंग्रजीतून अमेरिकेतल्या नियतकालिकातही आला. एकाच विठ्ठलाचे नाव घेत, एकच वाट चालणारी माणसे जेवायला मात्र जातीजातींनी वेगळी बसतात, हे त्यांना दिसले आणि ते त्यांच्या मनाला लागले. मी तोच प्रश्न बिद्रीत विचारीत होते. मोबाइलमध्ये तोंड दिसत नाही, आडनाव कळत नाही, ज्याने त्याने आपले नाव आपण ठेवलेले. तिथे तरी पंगत एक होते का?

उत्तर ‘होते आणि होत नाही’ असे आहे. खेळाचे यंत्र ज्या कोणाला आणून तुमच्या टोळीत टाकते, तो लखनौचा की लातूरचा, कोणत्या घरचा, हे पुसायला कोणाला सवड नसते. चांगला खेळला की तो ‘भावा’ होतो. पण नावे पाहावीत, तर त्यांत पुष्कळांनी आपले आडनाव, आपला तालुका, कोणी तर आपली जात हौसेने गोंदवून घेतलेली! दार उघडे असूनही माणूस आपला उंबरठा बरोबर घेऊन हिंडतो. गावातली कायमची टोळी तर बहुधा एका गल्लीतली असते, आणि गल्ली म्हणजे काय हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला हवे?

मॅलिनोव्स्कीकडे थोडे परत जाऊ. त्याच्या बेटांवरचे लोक होड्यांतून जिवावर उदार होऊन लांब लांब जात, ते कशासाठी? तर तांबड्या शिंपल्यांच्या माळा आणि पांढऱ्या शंखांचे वाक यांची देवघेव करण्यासाठी. माळा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एका दिशेने फिरायच्या, वाक उलट दिशेने. बरेचसे दागिने अंगावर फारसे घातलेही जात नसत. पण एखादी नामांकित माळ काही दिवस आपल्या घरी राहून गेली, ह्यात माणसाची इज्जत होती. आता हे वाचून हसणाऱ्या सुशिक्षित बापाने आपल्या मुलाच्या मोबाइलवरचा हिशेब उघडून पाहावा. तिथे बंदुकीला सोनेरी मुलामा, बाहुल्याला मखमली अंगरखा, उडी मारताना उघडणारी रंगीत छत्री यांच्यावर पैसे गेलेले दिसतील. ह्या वस्तूंनी नेम सुधारत नाही की ताकद वाढत नाही. त्या मिरवायच्या असतात. आणि वाढदिवसाला मित्राला त्या भेटही दिल्या जातात. दिवाळीत तर नक्कीच. इथवर मला त्यात काही वावगे दिसत नाही. आपण लग्नात शालू मिरवतो, पोरे अंगरखा मिरवतात. मला खटकते ते दुसरे. ह्यांतल्या पुष्कळ वस्तू सरळ विकत मिळत नाहीत. पेटी विकत घ्यायची, ती उघडायची, आणि आत काय निघेल ते नशीब. एक उघडली, हवे ते निघाले नाही, दुसरी उघडली. जत्रेतल्या चक्राची ही सुधारलेली आवृत्ती आहे, आणि तिच्यापुढे बारा वर्षांचे पोर बसलेले असते.

खेळावर संकटेही थोडी आली नाहीत. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजीला बंदी केली आणि मोबाइल हातात धरून बसलेल्या पोरांना चक्क पकडले. त्याच वर्षी एका अकरा वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात ह्या खेळावर बंदी मागितली. मग गलवानची चकमक झाली, आणि २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ चिनी ठरवलेली ॲप बंद केली, त्यांत पबजी गेला. टाळेबंदीचे दिवस. शाळा बंद, तालमी बंद, जत्रा बंद, आणि शाळा मोबाइलवर भरू लागल्यामुळे मोबाइल मात्र प्रत्येक पोराच्या हातात आलेला. पारावर बसायची सोय नसताना जो एक पार उरला होता तोही एका संध्याकाळी नाहीसा झाला. एका तरुणाने मला सांगितले, “बाई, चौघं एकाच गावात, पण चार दिस कुणी कुणाशी बोललं न्हाई. काय बोलायचं त्येच कळंना.” पुढे जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ असे देशी बारसे करून परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. ‘फ्री फायर’ फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला, पण त्याचा थोरला भाऊ ‘फ्री फायर मॅक्स’ बिनघोर चालू राहिला. सरकारी बंदीची ही तऱ्हा पाहून पोरे जे शिकली ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नाही.

बंदीवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्लिफर्ड गीर्ट्झ हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९५८ मध्ये पत्नीसह बाली बेटावरच्या एका खेड्यात राहायला गेले. गावकरी त्यांच्याकडे बघतही नसत. दहा-एक दिवसांनी चौकात कोंबड्यांची झुंज लागली. ती कायद्याने बंद होती. पोलिसांची धाड आली. लोक पळाले, आणि त्यांच्याबरोबर हे दांपत्यही जीव घेऊन पळाले, एका अंगणात शिरून चहा पीत बसल्याचा आव आणला! दुसऱ्या दिवसापासून सारे गाव त्यांचे झाले. गीर्ट्झ यांनी पुढे दाखवून दिले की त्या झुंजींत पैसे लागत खरे, पण खरी पणाला लागे ती घराण्याची प्रतिष्ठा. सारख्या तोलाच्या घराण्यांचे कोंबडे भिडले की पैजा मोठ्या होत, आणि तीच झुंज लोक जीव ओतून पाहत. केवळ पैशांसाठी येणाऱ्याला बालीतही फारसा मान नव्हता.

ही शेवटची ओळ वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आता ज्या विषयाकडे वळायचे आहे तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याआधी थोडी पचिसी खेळू.

आमच्या शास्त्राचे एक मूळपुरुष, इंग्लंडचे एडवर्ड टायलर, यांनी १८७९ मध्ये एक निबंध छापला, तो चक्क आपल्या पचिसीवर. मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांचा ‘पटोली’ नावाचा खेळ, चटईवर फुलीसारखा पट, घेवड्याच्या बियांचे फासे, आणि आपली पचिसी, कवड्यांची; ही दोन्ही इतकी सारखी कशी? टायलर म्हणाले, पचिसी आशियातून तिकडे गेली असावी. पुढच्या पंडितांनी ह्यावर पुष्कळ वाद घातला. पण पचिसी इंग्लंडात मात्र निःसंशय गेली. तिथे कवड्यांच्या जागी फासा आला, १८९६ मध्ये तिचे पेटंट झाले, आणि ‘लुडो’ हे लॅटिन नाव घेऊन ती मडमेसारखी परत आली. २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या एका कंपनीने तिला मोबाइलवर बसवली, तो ‘लुडो किंग’. टाळेबंदीत हा लुडो घराघरांत शिरला. बिद्रीत ज्या आज्जींना पोरांच्या बंदुकांचा आवाज सहन होत नाही, त्यांना मी पुण्यातल्या नातवाची सोंगटी मारून पदराआड हसताना पाहिले आहे. दोन गावांत बसून एका पटावर भांडता येते, ही सोय अकबरालासुद्धा नव्हती. त्याला त्यासाठी फत्तेपूर सिक्रीचे अंगण लागले.

ह्याच लुडोवरून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. पैसे लावून लुडो खेळवणाऱ्या एका ॲपविरुद्ध तक्रार होती, की हा नशिबाचा खेळ, म्हणून जुगार. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये एका खटल्यात म्हटले होते. त्या एका आधारावर पुढे मोबाइलवरच्या रमीचे इमले उभे राहिले. १९६७ च्या त्या रमीत समोर माणसे होती, डाव मोडायची वेळ होती, ‘आता पुरे’ म्हणणारा कोणीतरी होता. मोबाइलच्या रमीत ह्यांतले काय उरले?

कारखान्याच्या रस्त्यावर रात्री फिरताना मला फरक कानांनी कळू लागला. जिथे टोळी खेळते तिथे आरडाओरडा असतो, शिव्या असतात, हसणे असते. आणि एखाद्या ट्रकच्या केबिनमध्ये निळसर उजेड असतो, माणूस जागा असतो, पण आवाज काही नसतो. त्या शांततेची मला भीती वाटली. नताशा डाऊ शुल ह्या अमेरिकन बाईंनी लास व्हेगासच्या जुगारी यंत्रांपुढे बसणाऱ्या माणसांचा पुष्कळ वर्षे अभ्यास केला. २०१२ मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्या माणसांनी त्यांना सांगितले, की आम्ही जिंकायला बसत नाही. जिंकले की उलट व्यत्यय येतो. आम्हाला हवी असते ती तंद्री, जिच्यात घर, देणेकरी, स्वतःचा देह, काहीच आठवत नाही. आणि यंत्र बनवणारे नेमकी ती तंद्रीच घडवून विकतात. बालीच्या झुंजीत माणूस गावासमोर आपली पत लावतो. ह्या तंद्रीत त्याला कोणी पाहणारे नसते. तिथे पत नसते, वैर नसते, उचलणारा नसतो. उरतो तो फक्त पैसा, आणि तो एकाच दिशेने वाहतो.

ऊसवाल्या मुलखात हे अधिक लागते, कारण इथे पैसा हप्त्याने येतो आणि एकदम येतो. बिल जमा झाल्याचा संदेश ज्या मोबाइलवर येतो, त्याच मोबाइलवर रमीचे टेबल मांडलेले होते. बँकेपर्यंत चालत जायचे, रांगेत उभे राहायचे, ओळखीचा कारकून विचारणार “एवढे कशाला काढताय?”, हे सारे अडसर गळून पडले होते. एका घरात बैलजोडी गेल्यावर बायकोला कळले. त्या माउलीने मला एवढेच विचारले, “पत्ते तर दिसलेच न्हाईत कधी घरात, मग ह्ये खेळले कवा?”

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळवणे बंद. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणारा मात्र गुन्हेगार नाही. पैजेविना होणाऱ्या स्पर्धांच्या खेळांना उलट मान्यता. वर्षाला ४५ कोटी लोक मिळून सुमारे २०,००० कोटी रुपये घालवतात, असा सरकारी अंदाज त्या वेळी वृत्तपत्रांत आला होता. २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘ड्रीम ११’ सारख्या बड्या कंपनीनेही पैशांचे डाव बंद केले. कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि चोरवाटाही काही बुजलेल्या नाहीत. तरी कायद्याने एक रेघ ओढली ती मला योग्य वाटते, कारण तीच रेघ मला बिद्रीच्या रस्त्यावर कानांनी ऐकू आली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र ती रेघ दिसत नाही. त्यांच्या लेखी मोबाइल आडवा धरला की सगळे सारखेच. टोळीत खेळणाऱ्या पोराला शंभर बोल बसतात, आणि पलंगावर निमूट पडून पैसे घालवणाऱ्या कर्त्या पुरुषाला कोणी काही विचारीत नाही. बिचारा दमून आला आहे!

मुलाला ‘व्यसन’ लागले आहे का, हा प्रश्न मला शहरातल्या आया हटकून विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची नोंद आपल्या आजारांच्या यादीत केली आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्यात तास मोजलेले नाहीत. स्वतःला आवरता येत नाही, इतर सारे मागे पडते, नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहते, आणि हे साधारण वर्षभर टिकते, अशी त्याची लक्षणे आहेत. तसे असेल तर डॉक्टरांकडेच जावे. माझ्या पाहण्यातली बहुतेक पोरे परीक्षा आली, पेरणी आली, गावची यात्रा आली की डाव मोडून उठत होती. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तात जुगाऱ्याला शेवटी फासे टाकून शेत कसण्याचा सल्ला दिला आहे. बिद्रीच्या पोरांना तो सल्ला देण्यात अर्थ नाही; ती शेतातूनच आलेली असतात.

एक गोष्ट राहिली. इतका वेळ मी पोरे पोरे म्हणते आहे. मग मुली कुठे आहेत? पारावर त्या नसतात, ट्रॉलीच्या सावलीत तर नसतातच. मी बाई असल्यामुळे मला स्वयंपाकघरापर्यंत जाता आले आणि तिथे त्या सापडल्या. गारगोटीला कॉलेजात जाणारी एकजण रात्री भांडी आवरल्यावर खेळते. नाव मुलाचे घेतलेले, माइक बंद. बोलली तर आवाजावरून ओळखतील, मग एक तर घाण बोलतील, नाही तर लग्नाची मागणी घालतील, असे ती हसत हसत म्हणाली. जगभरच्या मुलींनी संशोधकांना हेच सांगितलेले आहे. ती बोलत नाही म्हणून नकाशावर खुणा करून सगळे सांगते, आणि उचलायला सगळ्यांत आधी तीच धावते. त्यामुळे टोळीत तिला मान मोठा.

तिच्या टोळीतले उरलेले तिघे कोण? तर दोन घरे सोडून पलीकडे राहणारी गल्लीतलीच पोरे. हा चौथा कोण, कुठला, ह्यावर पारावर पैजा लागल्या होत्या. कोणी म्हणे निपाणीचा आहे, कोणी म्हणे फौजेतला असणार, म्हणून बोलत नाही. मला त्यांनी विचारले, “बाई, तुम्ही एवढी घरं फिरताय, आमचा चौथा कुठं घावला का वो?”

मी नाही म्हटले. टिपणवहीत कोणाचेही नाव लिहायचे नाही, हा आमच्या शास्त्राचा नियमच आहे.